विजेरीच्या आट्यांना व रबरी रिंगेला वंगण कोणते लावावे?



रिठद आणि आसपासच्या शिवारातले सभासद भेटले की उसाच्या नोंदीचं, पाण्याचं, रोह्यांच्या त्रासाचं बोलणं होतं आणि मग हमखास एक प्रश्न निघतो. "भाऊ, चांगली ॲल्युमिनियमची बॅटरी घेतली होती. वर्षभरात मागचं झाकण फिरेनासं झालं. जोर लावून उघडलं तर आता पावसात पाणी शिरते. त्याले तेल लावावं का ग्रीस?" प्रश्न लहान दिसतो, पण ज्याला रात्री दोन वाजता लाइन आली म्हणून वावरात जावं लागतं त्याच्या दृष्टीने तो लहान नाही. शेतीपंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, ही पाळी आपल्या अंगवळणी पडली आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही फिडरांवर दिवसाची वीज येऊ लागली, ही चांगली गोष्ट. पण ती सगळ्यांच्या वाट्याला येईपर्यंत रात्रीचं ओलित चुकत नाही. ऊस डोक्याइतका झाला की सरीत काय आहे ते चांदण्यातही दिसत नाही. पाचटात घोणस बसलेली असते, आणि मण्यार तर रात्रीचीच निघते. तिचा दंश पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. अशा वेळी हातातली बॅटरी एकदा मिचकावून विझली तर काय होते हे सांगायला नको.

तेव्हा या अंकात वंगणाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

आधी जुन्या बॅटरीचा विचार करू. विजेरीचे पहिले पेटंट १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना मिळाले. आपल्या घराघरांत पुढे जी पितळी, दोन किंवा तीन सेलांची बॅटरी आली, तिचे आटे पातळ पत्रा दाबून काढलेले, रुंद आणि गोलसर असत. पितळ पितळावर सहसा धरत नाही. पाणी अडवण्याची फारशी सोयही तिच्यात नव्हती, त्यामुळे बिघडण्यासारखेही काही नव्हते. भिजली की उघडायची, सेल काढायचे, फडक्याने पुसायची, झाले. त्या बॅटरीला कोणी वंगण लावले नाही आणि तिने ते मागितलेही नाही.

आजची बॅटरी वेगळी आहे. अंग ॲल्युमिनियमचे, आटे बारीक कातलेले, आत लिथियमचा एकच सेल (१८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याला १८६५० म्हणतात) आणि डोक्याला व शेपटीला प्रत्येकी एक गोल रबरी रिंग. या रिंगेला ओ-रिंग म्हणतात. डबीवर आयपी ६७ असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ असा की आत धूळ शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालते. हा सगळा भरवसा त्या दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या रबरावर आहे. बाकी आटे कितीही चांगले असोत, आट्यांतून पाणी झिरपतेच. पाणी अडवते ती रिंग.

ही रिंग मूळची डेन्मार्कच्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सेन या यंत्रज्ञाची कल्पना. १९३७ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. युक्ती अगदी साधी आहे. खाच रिंगेच्या जाडीपेक्षा थोडी उथळ ठेवायची, म्हणजे झाकण बसले की रिंग दबते आणि दोन्ही बाजूंना घट्ट टेकते. बाहेरून पाण्याचा जोर आला तर तो रिंगेला खाचेच्या एका कडेला ढकलतो आणि ती आणखीच दाबून बसते. जोर करणाराच दार लावून घेतो असे म्हणा ना! मात्र त्यासाठी रबर लवचिक पाहिजे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर गेले. त्याचे कारण अशाच, पण भल्यामोठ्या रबरी रिंगा होत्या. आदल्या रात्रीच्या थंडीने त्या कडक झाल्या होत्या आणि दबल्यावर पुन्हा वेळेत फुगून आल्या नाहीत. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशी समितीसमोर बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात रबराचा तुकडा बुडवून ते सगळ्यांना दाखवले होते. आपल्या वऱ्हाडात थंडीने रबर कडक होण्याची चिंता नाही. आपल्याकडे रबराचे वैरी तीन. मे महिन्याचे ऊन, काळ्या मातीची धूळ आणि चुकीचे तेल. पहिली दोन टाळता येत नाहीत. तिसरे आपणच हाताने घालतो.

आता मुख्य मुद्दा. वंगण निवडताना आपण धातूकडे बघतो आणि तिथेच फसतो. आटे ॲल्युमिनियमचे आहेत, त्यांना जवळपास कोणतेही तेल चालते. निवड करायची ती रबराकडे बघून. सायकलच्या ट्यूबला रॉकेल किंवा पेट्रोल लागले की ती फुगून ढिली पडते, हे पंक्चरवाल्याकडे बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. तेच बॅटरीच्या रिंगेचे होते, फक्त हळूहळू. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण तो आपल्या सोयरिकीच्या नियमासारखाच आहे. सगोत्र जमत नाही! ज्या गोत्राचे रबर त्याच गोत्राचे वंगण लावले की तेल रबरात मुरते, रबर फुगते, मऊ पडते आणि खाचेतून बाहेर येऊन झाकणाखाली चेमटते.

गोत्रे अशी पाहा. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम नावाचे काळे रबर ही दोन्ही रसायनाच्या दृष्टीने खनिज तेलाच्या भावकीतली. म्हणून त्यांना मोबिल ऑइल, ग्रीस, व्हॅसलिन यांतले काहीच चालत नाही. नायट्राइल हे दुसरे काळे रबर. ते १९३० च्या दशकात जर्मनीत मुद्दाम तेलाला टिकावे म्हणून तयार झाले. त्याला खनिज तेल चालते, आणि बहुतेक बऱ्या बॅटऱ्यांतली काळी रिंग याच रबराची असते. तिसरे सिलिकॉन रबर. ते लाल, केशरी, पांढरे किंवा अर्धपारदर्शक असते आणि हाताला जरा मऊ लागते. त्याला सिलिकॉनचेच ग्रीस लावले तर तेही फुगते, सगोत्र म्हणून.

अडचण अशी की काळी रिंग नायट्राइलची की ईपीडीएमची, हे नुसते बघून ओळखता येत नाही. दुकानदारालाही सांगता येत नाही, तो काहीतरी सांगतो इतकेच. म्हणून आमचे म्हणणे असे की काळ्या रिंगेला डोळे झाकून सिलिकॉन ग्रीस लावावे. ते दोन्ही काळ्या रबरांना चालते. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये राहिले तरी पातळ होऊन वाहत नाही, पाण्याने धुपत नाही, वास येत नाही. त्याचा एकच उणेपणा. धातूवर धातू जोराने घासत असेल तिथे ते फार काळ थर धरून राहत नाही. पण बॅटरीच्या झाकणावर असा भार येतोच किती? ते ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग नव्हे.

रंगीत, म्हणजे सिलिकॉन रबराची रिंग असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस नको. त्यासाठी फ्लोरिनयुक्त वंगण मिळते, ते सगळ्याच रबरांना चालते, पण त्याची किंमत ऐकून बॅटरीच नवीन घ्यावी असे वाटेल. अशा वेळी घरात एक चीज असते तिची आठवण करून देतो. एरंडेल! हसू नका. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालणारी आपली माणसे अडाणी नव्हती. एरंडेल खनिज तेलाच्या भावकीतले नाही, त्यामुळे ते नैसर्गिक रबराला फुगवत नाही. मोटारगाडीच्या ब्रेकमधले रबर नैसर्गिक होते त्या काळात ब्रेकचे तेलसुद्धा एरंडेलापासूनच करीत. पहिल्या महायुद्धातली कित्येक विमाने एरंडेलावर चालली, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. कॅस्ट्रॉल हे नावदेखील एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. सिलिकॉन रबरालाही ते चालते. जवसाच्या तेलासारखे ते वाळून पापुद्रा धरत नाही. मात्र महिन्या-दोन महिन्यांनी चिकट होते आणि धूळ धरते, तेव्हा पुसून पुन्हा लावावे लागते. म्हणून ते दुसऱ्या नंबरचे.

बाकी घरगुती वस्तूंचे थोडक्यात सांगतो. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजते आणि पुढे खवट होते. शेंगदाण्याचे, करडईचे, सरकीचे तेल हळूहळू डिंकासारखे होते. त्याने उघडायला सोपे होण्याऐवजी झाकण चिकटूनच बसते. व्हॅसलिन नायट्राइलला चालते, पण ऊन तापले की पातळ होऊन सरकते. गाडीचे वापरलेले काळे ऑइल तर अजिबात नको, त्यात काजळी, धातूचा कीस आणि आम्ल असते. बेअरिंगचे लिथियम ग्रीस नायट्राइलची रिंग नक्की असेल तर चालेल. प्लास्टिकच्या अंगाच्या बॅटरीला मात्र खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये, काही प्लास्टिके त्याने आट्यांच्या मुळाशी तडकतात. गंज सोडवण्याचे फवारे मिळतात, ते मुख्यतः पातळ द्रावण असतात. अडकलेला बोल्ट सोडवायला ते उत्तम, पण त्यातले बरेचसे उडून जाते आणि मागे वंगण म्हणून फारसे उरत नाही. पेन्सिलीच्या शिशाची पूड आट्यांत चोळण्याची युक्ती काही जण सांगतात. ती कुलपाला ठीक आहे. ॲल्युमिनियमला ओल आणि शिसे एकत्र भेटले की धातू खाल्ला जातो, कारण पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइट व ॲल्युमिनियम यांच्यात ओलाव्याने चक्क एक सेल तयार होतो. तांब्याची पूड घातलेल्या ग्रीसचेही तेच.

दुकानात गेल्यावर एक खबरदारी घ्या. नुसते "सिलिकॉन द्या" म्हणालात तर हार्डवेअरवाला खिडकीच्या काचा चिकटवायची नळी हातात देईल. तिला सिरक्यासारखा आंबूस वास येतो आणि ती वाळून रबर होते. ती झाकणाला लावलीत तर बॅटरी जन्मभर उघडणार नाही. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात पांढरी पेस्ट मिळते, तीही नको. ती उष्णता वाहून नेण्यासाठी असते आणि तिच्यात धातूच्या ऑक्साइडची भुकटी असते. आपल्याला पाहिजे ते "सिलिकॉन ग्रीस". पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे फिल्टरच्या रिंगेला लावायची छोटी डबी किंवा पुडी असते, ती बहुतेक हीच. बोटाला पारदर्शक किंवा दुधी, गुळगुळीत लागते, वास नसतो, पाण्याखाली धरले तरी निघत नाही. एवढीशी डबी घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांना कित्येक वर्षे पुरते, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून एक घेतली तरी चालेल.

तरीही एखादे वंगण चालेल की नाही अशी शंका राहिली तर घरीच परीक्षा घेता येते. बॅटरीसोबत डबीत एक-दोन जादा रिंगा येतात. त्यांतली एक कापून अर्धा तुकडा त्या वंगणात बुडवून बाटलीच्या झाकणात आठवडाभर ठेवा. अर्धा तसाच कोरडा ठेवा. आठवड्याने पुसून दोन्ही शेजारी धरा. बुडवलेला जाड, लांब किंवा बुळबुळीत मऊ झाला असेल तर ते वंगण त्या रबराचे सगोत्र समजावे.

आता लावायची रीत. इथे बहुतेक जण घाई करतात. प्रथम सेल काढून ठेवा. आट्यांत काळा चिखलासारखा मळ दिसेल. तो नुसती माती नाही. ॲल्युमिनियमच्या अंगावर जो कडक थर चढवलेला असतो तो ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असते, म्हणजे कुरुंदाच्या दगडातलाच पदार्थ. आपण विळ्याला धार लावायला कुरुंद वापरतो तो! हा थर झिजून त्याची भुकटी आट्यांत उतरते, आणि वावरातली रेती तिला येऊन मिळते. त्या मळावरच नवे ग्रीस थापले तर आपण वंगण लावले नाही, धार लावायची लापशी तयार केली. म्हणून आधी जुन्या दातांच्या ब्रशाने व सुती फडक्याने, लागले तर साबणाच्या पाण्याने सगळे स्वच्छ करून पूर्ण वाळवा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, ते रिंगेला बाधते.

रिंग काढताना सुई, चाकू, ब्लेड लावू नका. एक बारीक चीर म्हणजे पाण्याला वाट. बोटांच्या चिमटीत रिंग दाबली की एका बाजूला तिचा फुगा येतो, त्याखाली आगकाडीचे लाकडी टोक घालून उचला. बोटांवर किंचित ताणून सगळीकडून बघा. भेगा दिसल्या, किंवा रिंग गोल न राहता चपटी होऊन बसली असेल, तर तिला कोणतेही वंगण जीव देऊ शकत नाही. नवीच टाका. आतला व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून नेली की पंप दुरुस्तीच्या किंवा हायड्रॉलिकच्या दुकानात जुळती रिंग मिळते. चांगली असेल तर ज्वारीच्या दाण्याएवढे ग्रीस घ्या आणि दोन बोटांत रिंग फिरवत चोळा. ती ओली चमकली पाहिजे, ग्रीसचा गोळा दिसता कामा नये. आट्यांना तांदळाच्या दाण्याएवढे पुरे. जास्त लावले म्हणजे जास्त टिकते असे नाही. जास्त लावले की बाहेर येते आणि वावरातली धूळ गोळा करते.

एक जागा मात्र कोरडी ठेवायची. बहुतेक धातूच्या बॅटरीत वीज अंगातूनच फिरते. सेलच्या मागून स्प्रिंग, बटन, झाकण, आणि झाकणातून नळीच्या उघड्या चकचकीत काठावर. हा काठ आणि स्प्रिंगचे टोक कोरड्या फडक्याने पुसून घ्या, कारण सिलिकॉन ग्रीस वीज वाहत नाही. बॅटरी मिचकावते, ठोकली की लागते, अशी तक्रार पुष्कळदा या काठावरच्या मळाची असते, सेलची नव्हे. बटनाच्या आत आणि काचेमागच्या चकचकीत वाटीत ग्रीस जाऊ देऊ नका. वाटीला बोट लागले की उजेड कायमचा मंद होतो.

झाकण लावताना आधी उलटे फिरवा. आट्यांचे टोक टोकावरून घसरून 'टक्' असे बोटाला जाणवेल. मग सरळ फिरवा. आटे तिरपे चढण्याचे भय राहत नाही. आट्यांवर तो कडक थर असेल तर आणखी एक सोय आहे. थर वीज अडवतो, म्हणून झाकण पाव-अर्धा फेरा ढिले केले की बॅटरी पूर्ण बंद राहते, आणि खिशात बटन दाबले जाऊन सेल उतरत नाही. पण ढिल्या झाकणाने पावसात फिरू नये, हेही सोबतच आले.

हे काम वर्षातून दोनदा पुरते. एकदा मृगाच्या आधी आणि एकदा गळीत हंगाम सुरू होण्याआधी. जे रोज चार्जिंगला सेल बाहेर काढतात त्यांनी महिन्यातून एकदा आटे पुसून घ्यावेत.

हाच सगोत्राचा नियम शिवारात दुसऱ्या एका ठिकाणी पैसे वाचवतो. तुषारच्या पाइपांतल्या आणि ठिबकच्या फिल्टरमधल्या रबरी रिंगा कडक बसतात म्हणून पुष्कळ जण त्यांना ग्रीस किंवा इंजिनाचे ऑइल फासतात. त्यांतल्या बऱ्याच रिंगा नैसर्गिक रबराच्या किंवा ईपीडीएमच्या असतात. पहिल्या दिवशी पाइप सुरेख बसतो आणि पुढच्या पाळीला रिंग फुगून खाचेबाहेर लोंबते. तिथे साबणाचे पाणी लावावे. पाइप तेवढाच सहज सरकतो, आणि नंतर पाण्याने साबण धुवून जातो.

शेवटी, ज्यांचे झाकण आताच अडकले आहे त्यांच्यासाठी. पक्कड लावू नका, नळी चेपते आणि मग आतला सेलही निघत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, एक नळीवर आणि एक झाकणावर घट्ट गुंडाळा आणि दोन्ही हातांनी पिळा. रबराची पकड अशी बसते की बहुधा तेवढ्यानेच सुटते. नाही सुटले तर आट्यांच्या सांध्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा, बॅटरी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी पुन्हा पिळा. तापवू मात्र नका. आत लिथियमचा सेल आहे आणि तो आगीजवळ भडकतो. सुटल्यावर ते तेल साबणाने धुऊन काढा आणि रिंग नवी टाका, कारण जुनीने ते तेल रात्रभर प्यालेले असते.